सतरा नंबरचा गुडघा

"टाच ओढा बुडाकडे. ओढा, ओढा, आणखी थोडी... बास! आता हलायचं नाही. श्वास घेतलात तरी चालेल हो, श्वासावर बंदी नाही."

पलंगावरचे गृहस्थ हसले आणि हसण्याच्या नादात त्यांची टाच चार बोटं खाली घसरली.

"झालं! आता पहिल्यापासून," असं म्हणत ताईंनी त्यांचा पाय सरळ केला आणि पुन्हा वाकवायला लावला. या खेपेला गृहस्थांनी ओठ घट्ट मिटले. ताईंनी अंगठ्यानं गुडघ्याच्या बाहेरचा उंचवटा शोधला, त्यावर कोनमापकाची चकती टेकवली. मग कमरेच्या खाली, बाजूला, बोट दाबून हाताला लागणारं हाड चाचपलं आणि एक दांडी मांडीवरून त्या हाडाच्या रोखानं धरली. दुसरी दांडी नडगीवरून घोट्याच्या रोखानं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसलं ते पांढरं प्लॅस्टिकचं साधन. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात सगळे त्याला 'पट्टी' म्हणत.

पट्टीवर एकशे सहा अंश होते. ताईंनी ते मोठ्यानं म्हटलं नाही. चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी दुमडून पत्र्याच्या डब्यात टाकली. एरवी आकडा ऐकल्याशिवाय पेशंट पलंगावरून उतरत नसे. पण गेले दोन महिने आकडा बोलायला मनाई होती. विभागात अभ्यास चालू होता. गुडघा किती वाकतो हे मोजायच्या चार पद्धती, आणि त्यांतली कोणती किती खरी ते ठरवायचं. विभागप्रमुख साहेब नुसत्या नजरेनं अंदाज करणार. ताई पट्टीनं मोजणार. शेजारच्या पलंगावर काम करणारी त्यांची जोडीदारीण फोन आधी मांडीवर आणि मग नडगीवर टेकवून, फोन सांगेल तो कोन लिहिणार. आणि शेवटी त्याच अवस्थेत बाजूनं एक्स-रे. एक्स-रेमधल्या हाडांवर रेघा ओढून जो कोन येईल तो खरा धरायचा. चाळीस पेशंट, प्रत्येकाच्या चार चिठ्ठ्या, आणि कुणी कुणाची चिठ्ठी बघायची नाही.

"परीक्षाच आहे ही ताई," जोडीदारीण म्हणाली होती. "कॉपी नाही, काही नाही."

"तुझी कसली परीक्षा? तुझा पेपर फोन सोडवणार," ताई म्हणाल्या होत्या.

त्यांना धास्ती नव्हती. याच तळमजल्यावरच्या दालनात, याच पाच हिरव्या पलंगांमध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती. पार्किंगमधून लंगडत येणारा माणूस खिडकीतून दिसला की त्या चहाचा कप खाली न ठेवता म्हणायच्या, "उजवा. सत्तरच्या पुढे जात नाही." आणि मोजल्यावर अडुसष्ट नाहीतर एकाहत्तर निघायचे. हाडांचे डॉक्टर वरच्या मजल्यावरून फोनवर विचारायचे, "ताईंनी मोजलंय ना? मग ती काळ्या दगडावरची रेघ." सगळं हॉस्पिटल त्यांना ताई म्हणे, शिपायापासून डॉक्टरांपर्यंत. खरा भाऊ एकच, अकरा वर्षांनी धाकटा. तोही गेले चार महिने इथेच येत होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार वाजता, खिडकीजवळच्या पलंगावर.

तो फरशी बसवायचं काम करी. फरशीची पेटी खांद्यावर घेऊन जिना उतरताना त्याचा पाय निसटला होता आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाले होते. तारेनं ते बांधून झाले, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, आणि आत गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा अडकून बसला होता. फरशीवाल्याचा सगळा संसार उकिडवं बसण्यावर. म्हणून ताईंनी त्याला दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता.

अभ्यासात त्याचंही नाव घातलं होतं. नाव म्हणजे नंबर.

निकाल घेऊन आकडेवाले गुरुवारी आले. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे हे एक सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून तो सगळीकडे शोधणारे गृहस्थ. खोलीत ताई एकट्याच होत्या. आकडेवाल्यांनी टेबलावर एक कागद पसरला. कागदाच्या मधोमध आडवी रेघ आणि तिच्या अवतीभवती निळे ठिपके.

"ही रेघ म्हणजे एक्स-रे," ते म्हणाले. "आणि हे ठिपके म्हणजे तुम्ही. एकेक पेशंट, एकेक ठिपका. रेघेच्या जितका जवळ, तितकी मोजणी बरोबर. बघा कसे चिकटून बसलेत! दोन अंशांच्या बाहेर कुणी नाही. फोनसुद्धा तुमच्या मागे आहे. साहेबांच्या नजरेचं तर विचारूच नका, त्यांचे ठिपके म्हणजे शाळा सुटल्यासारखे."

ताई हसल्या. मनातून सुखावल्या.

"फक्त हा एक महाभाग," आकडेवाल्यांनी पेनानं कागदाचा वरचा कोपरा दाखवला. तिथं एक ठिपका एकटाच बसला होता. "रांग सोडून चहाला गेल्यासारखा. तुम्ही चौऱ्याण्णव लिहिलंय. एक्स-रे म्हणतो चौऱ्याऐंशी. दहा अंशांचा फरक."

"एक्स-रेत पाय हलला असेल."

"तेच वाटलं आधी. पण फोन पंच्याऐंशी म्हणतो. आणि गंमत म्हणजे साहेबांची नजरही पंच्याऐंशीच. ते नेमके इथेच बरोबर आलेत!" ते स्वतःशीच हसले. "लिहिताना चूक झाली असेल. आठाच्या जागी नऊ. असं होतं. म्हणालात तर काढून टाकू. एकोणचाळीस पेशंटांवर निकाल झकास लागतो."

"नंबर कितवा?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "सतरा."

ताईंनी कागदाकडे पाहिलं. "मी उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

आकडेवाले गेल्यावर त्या एक्स-रे विभागात गेल्या. तिथल्या माणसाला सतरा नंबर पडद्यावर लावायला सांगितला. मांडीचं हाड, नडगीचं हाड, मध्ये वाटीवर गुंडाळलेली तार. हाडाला चेहरा नसतो. पण ती तार त्यांनी ओळखली असती हजारांत. पडद्यावर त्यांनी स्वतःची पट्टी लावली. चौऱ्याऐंशी. पट्टी उचलली, पुसली, परत लावली. चौऱ्याऐंशी.

"काय झालं ताई?" तो माणूस म्हणाला.

"काही नाही. पडदा पुसत जा जरा."

मग त्यांनी कपाटातून भावाचं जाड पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. सगळे आकडे त्यांच्याच वळणदार अक्षरात, तारखांपुढे एकाखाली एक. साठ. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसे. एक्क्याण्णवच्या पुढे हाडांच्या डॉक्टरांची सही होती, आणि त्यांच्या घाईच्या अक्षरात दोनच शब्द: 'व्यायाम चालू'.

तो दिवस ताईंना लख्ख आठवत होता. ऑपरेशनला दहा आठवडे झाले होते. डॉक्टर दारातच उभे राहून म्हणाले होते, "आज नव्वदच्या खाली निघाला तर सोमवारी गुंगी देऊन वाकवून टाकू. आत चिकटून बसलेलं जाळं अजून कोवळं आहे, तुटेल. नव्वदच्या वर असला तर तुम्ही व्यायामानं काढाल वर, मला हात लावायची गरज नाही. काय निघतं ते कळवा." ते गेल्यावर भावानं पलंगाची कड धरली होती. लहानपणी इंजेक्शनला घाबरून ताईचा पदर धरायचा तशी. "ताई, परत टेबलावर नको गं," तो म्हणाला होता. "तुझ्याच हातानं होऊ दे जे व्हायचं ते."

आणि ताईंनी पट्टी लावली होती. पट्टीवर एक्क्याण्णव दिसलं होतं. खोटं त्यांनी लिहिलं नव्हतं. कुणी देवाची शपथ घालून विचारलं असतं तरी त्यांनी एक्क्याण्णवच सांगितलं असतं.

त्या रात्री जेवताना नवऱ्यानं दोनदा भाजी वाढू का विचारलं. तिसऱ्यांदा न विचारता वाढली.

शुक्रवारी चार वाजता भाऊ आला. काठी दाराशी टेकवून, लंगडत, वाटेतल्या सगळ्यांची विचारपूस करत. शेजारच्या पलंगावरच्या आजींना म्हणाला, "काय आजी, आज पळायच्या शर्यतीत उतरताय ना?" आणि खिडकीजवळच्या पलंगावर बसला.

"आज पँट काढ. अर्धी चड्डी घाल," ताई म्हणाल्या.

"अगं, दोन पोरांचा बाप आहे मी."

"घाल म्हटलं ना."

ताईंनी पडदा ओढून घेतला. तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत या पलंगावर असं पँट काढायला लावून मोजणं कधी केलंच नव्हतं. परक्या माणसाच्या कमरेखालचं हाड चाचपताना त्यांना काही वाटत नसे. ते कामच होतं. पण मोठ्या झालेल्या भावाला तसा हात लावणं अवघड वाटायचं. तो ढगळ पँट घालून यायचा, आणि त्या हाड न चाचपता अंदाजानं दांडी धरायच्या, पँटच्या खिशाच्या खालच्या टोकाकडे. हाड कुठं आहे ते काय, डोळे मिटूनही माहीत होतं.

आता त्यांनी बोट दाबलं. हाड खिशाच्या टोकापाशी नव्हतं. चांगलं तीन बोटं वर होतं.

"ओढ टाच."

त्यानं ओढली. कपाळावर घाम आला, जबडा आवळला गेला. ताईंनी चकती टेकवली, खालची दांडी घोट्याकडे लावली, वरची हाडाकडे. चौऱ्याऐंशी. आणि त्या पट्टीकडे बघत असतानाच त्यांना जाणवलं, आपलं मनगट हळूच, एखाद्या मुलाला झोपेत कुशीवर वळवावं तसं, वरची दांडी खाली ढकलतंय. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. खिसा नव्हता, पँट नव्हती, तरीही. त्यांनी हात झटकन उचलला.

"किती?" भावानं विचारलं. अभ्यास संपला होता. आता आकडा सांगायला मोकळीक होती.

"चौऱ्याऐंशी."

"अभ्यासाच्या आधी चौऱ्याण्णव म्हणालीस की. मध्ये दहा कुठं सांडले?"

"सांडले नाहीत. नव्हतेच."

त्यानं कोपरावर रेलून ताईंकडे पाहिलं. अजून तो हसतच होता. ताई चेष्टा करतेय असं त्याला वाटलं असावं.

"धाकट्या, मी चुकीचं मोजत होते. तुझंच. बाकी सगळ्यांचं बरोबर आलं. फोननं बघितलं, एक्स-रेनं बघितलं. तुझा गुडघा नव्वदला कधी गेलाच नाही."

"कधीच?"

"कधीच."

पडद्यापलीकडे आजी जोडीदारणीला सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. भावानं हळूहळू पाय लांब केला.

"म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा..."

"ब्याऐंशीच्या आसपास असणार."

"तू मुद्दाम केलंस? मी रडारड केली म्हणून?"

"नाही रे. आईशप्पथ नाही. मला तेवढंच दिसलं."

"मग दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगायचंस."

"सुचलं नाही."

"तुला सुचलं नाही?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "तीस वर्षं हेच करतेस तू, ताई."

ताईंनी पट्टीच्या दोन्ही दांड्या मिटवल्या.

"तुला माहितीये, घरी मी रोज शंभर वेळा वाकवतो. पोरांना बाहेर काढतो खोलीतून, त्यांनी ओरडणं ऐकू नये म्हणून. आणि मग इथं आलो की तू सांगायचीस, दोननं वाढलं, तीननं वाढलं. मला वाटायचं, चला, दुखणं फुकट नाही गेलं." त्यानं पँट ओढून घेतली. "आणि ती दुकानातली खुर्ची."

ती गोष्ट ताईंच्या मनात कालपासून होतीच. तो ज्या दुकानासाठी फरशी बसवायचा, त्या मालकानं त्याला दुकानात बसायला बोलावलं होतं. गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचे, खोल्यांची मापं ऐकून किती पेट्या लागतील ते सांगायचं; दिवसभर खुर्ची. त्यानं येऊन ताईलाच विचारलं होतं, जाऊ का म्हणून. आणि ताई ऐटीत म्हणाल्या होत्या, "खुर्ची म्हाताऱ्यांना. नव्वद पार झालंय तुझं. दोन महिन्यांत उकिडवा बसवते तुला." मालकानं पंधरा दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला.

भाऊ पँट चढवू लागला. उजवा पाय नेहमीच अडकायचा, आणि ताई नेहमीच पाऊल धरून आत सरकवून द्यायच्या. त्यांनी हात पुढे केला.

"राहू दे. मी घालतो."

त्याला बराच वेळ लागला. ताई पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि पाहत राहिल्या.

सोमवारी दोघं हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, कार्ड पाहिलं, पुन्हा एक्स-रे पाहिला.

"हे एक्क्याण्णव कुणी मोजलं होतं?" त्यांनी विचारलं. अक्षर ते ओळखत होते.

"मीच," ताई म्हणाल्या. "माझी चूक झाली."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. एरवी ते कुणावरही खेकसायचे. वॉर्डातल्या परिचारिका त्यांची पावलं ऐकून सरळ उभ्या राहायच्या. आज ते अगदी हळू बोलले. "ठीक आहे. माणूस आहे, होतं," ते म्हणाले. ते खेकसले असते तर ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. या मऊपणाला तोंड कसं द्यायचं ते त्यांना कळेना.

"आता गुंगी देऊन वाकवता येईल का?" भावानं विचारलं.

"पाच महिने होऊन गेले. आता आतलं जाळं दोरखंडासारखं झालंय. जोर लावला तर ते तुटायच्या आधी हाड मोडेल. उघडून मोकळं करता येईल. मोठं ऑपरेशन, मग पुन्हा तीन-चार महिने हेच सगळं. मिळाले तर दहा-पंधरा अंश मिळतील. खात्री देत नाही."

"मग उकिडवं बसता येईल?"

"नाही. त्याला फार लागतं. ते नाही होणार."

"आणि तेव्हा वाकवलं असतं तर?"

डॉक्टरांनी ताईंकडे पाहायचं टाळलं. ते इतकं उघड टाळणं होतं की भावालाही दिसलं. "तेव्हाचं आता बोलून काय उपयोग," ते म्हणाले.

"मग नको मला ऑपरेशन," भाऊ म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

लिफ्टमध्ये ताई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला दाखवू. मी चौकशी करते. मोठ्या हॉस्पिटलात—"

"ताई, बास गं आता." तो लिफ्टच्या दाराकडे बघत होता. "तू काही करू नकोस. खरंच. काही करूच नकोस थोडे दिवस."

आकडेवाल्यांना त्यांनी सांगितलं, सतरा नंबर काढू नका.

"पण चुकून झालं असेल तर—"

"चुकून नाही झालं. शेऱ्याच्या रकान्यात लिहा. मोजणारी पेशंटची बहीण आहे."

आकडेवाल्यांनी चष्मा खाली घेतला आणि पेन उघडलं. मग लिहिलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "माझ्या मुलीचा गणिताचा पेपर मी कधी तपासत नाही. तिच्या आईला देतो." त्यांना धीर द्यायचा होता. ताईंनी मान हलवली. हे इतकं साधं होतं. तीस वर्षांत ते आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही कुणाला विचारलं नाही, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

भाऊ आणखी महिनाभर येत राहिला, पण जोडीदारणीच्या पलंगावर. असलेलं तेवढं टिकवायलाही व्यायाम लागतो. ताई दोन पलंग सोडून काम करायच्या. पडद्यामागून त्याचं कण्हणं ऐकू यायचं आणि इकडे त्यांच्या हाताखालचा पेशंट म्हणायचा, "ताई, जरा हळू, दाबताय फार." एकदा जोडीदारीण येऊन हळूच म्हणाली, "पंच्याऐंशी आहे आज." ताई म्हणाल्या, "मला नको सांगूस." आणि नंतर संध्याकाळपर्यंत तो आकडा डोक्यात घेऊन फिरल्या. एक अंश. मोजण्यातल्या फरकानंही पडतो एक अंश.

मग त्याचं येणं थांबलं. ताईंनी फोन केला की तो उचलायचा, धड बोलायचा, पोरांचं सांगायचा, जेवलीस का विचारायचा. कुठलाही शब्द वाकडा नाही. पण 'ताई, एक गंमत सांगू?' म्हणून बोलायला सुरुवात करायची त्याची सवय गेली होती.

दीड महिन्यानं एका रविवारी सकाळी भावजयीचा फोन आला.

"ताई, हे कामावर गेलेत."

"कसल्या कामावर?"

"फरशीच्या. कालपासून. त्यांच्या जुन्या जोडीदारानं एक खोली दिलीय करायला. मी नको म्हटलं, ऐकत नाहीत. तुम्ही जरा बघून याल का? मला तर भीतीच वाटते." आणि तिनं पत्ता दिला.

नवी इमारत होती, लिफ्ट अजून बसायची होती. ताई तीन मजले चढून गेल्या. प्रत्येक जिन्यावर त्यांच्या मनात आलं, हा हे कसा चढला असेल. तिसऱ्या मजल्यावर रिकाम्या घरांना दारं नव्हती, नुसत्या चौकटी होत्या. एका चौकटीतून रबरी हातोडीचा आवाज येत होता. टप, टप, टप. मग थांबणं. मग पुन्हा टप, टप.

भाऊ आत होता, दाराकडे पाठ करून. फरशी नेहमी समोरच्या भिंतीपासून सुरू करून दाराकडे येत लावायची असते. निम्मी खोली लावून झाली होती. तो उकिडवा बसला नव्हता. दुमडलेल्या पोत्यावर डाव्या कुल्ह्यावर बसला होता, आणि उजवा पाय बाजूला लांब, सरळ सोडलेला होता, जणू तो त्याचा नव्हताच, कुणीतरी तिथं विसरून गेलं होतं. एक फरशी ठेवायची, तिच्या कडा बोटांनी चाचपायच्या, पाणपातळी ठेवून तिच्यातला बुडबुडा मधोमध आहे का बघायचं, ठोकायची. मग दोन्ही तळवे जमिनीवर टेकून अख्खं शरीर उचलायचं आणि वीतभर सरकवायचं. मग पोतं ओढून घ्यायचं. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आणायचा. मग पुढची फरशी.

पूर्वी तो एका दिवसात असल्या दोन खोल्या करायचा, आणि वर गाणी म्हणायचा.

ताईंनी चपला काढल्या आणि चौकटीत पाऊल टाकायला गेल्या.

"तिथंच थांब, ताई," तो मागे न बघता म्हणाला. पावलांवरून ओळखलं असावं. "सिमेंटचा माल ओला आहे."

त्या थांबल्या. हातात चपला घेऊन उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. "फरशा तरी देते एकेक हाताशी," त्या म्हणाल्या.

"माझ्या मी घेतो. क्रम लागलाय त्यांचा."

"पाठ भरून येईल रे, असं तिरकं बसून."

"येतेच." टप, टप. "रात्री तिला चोळायला सांगतो."

आणखी काही विचारावं, असं ताईंना वाटत होतं. विचारण्यासारखं एकच होतं, अजून रागावलायस का, आणि ते त्यांनी विचारलं नाही. त्या नुसत्या पाहत राहिल्या. त्याच्या हातांमध्ये चूक नव्हती. फरशीला फरशी अशी भिडत होती की मधली रेघ दोऱ्यासारखी सरळ दिसावी. समोरच्या भिंतीपासून त्याच्यापर्यंत ती कुठंही हललेली नव्हती. खोली भरत आली तसा तो सरकत सरकत दाराकडे, त्यांच्याकडे येत राहिला. तास गेला असेल, जास्तही असेल. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. एकदा त्याचा तळहात घसरला आणि तो कोपरावर आदळला. ताईंच्या तोंडून 'अरे!' निघालं, पण तो तसाच उठून बसला आणि पाणपातळी पुसून पुन्हा ठेवली.

आता शेवटची ओळ उरली होती. तिला लागून उंबरा, आणि उंबऱ्यावर ताई.

तो तळव्यांवर शरीर तोलून एकदा सरकला, पाय उचलून जवळ घेतला आणि पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा सिमेंटनं राखाडी झाला होता. त्यात राग नव्हता. कामाच्या वेळी असते तेवढीच घाई होती.

"ताई, जरा मागं सर," तो म्हणाला. "इथली लावायचीय."

ताई एक पाऊल मागे सरकल्या.